मखराची महिरप इंकस्केपमध्ये कशी रचावी: वर्तुळ-चौकोनापासून लेझर कटिंगच्या फाइलपर्यंत

गणपतीला दोन महिने उरले की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेझर कटिंगच्या गाळ्यांवर रांग लागते. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि घरोघरची मखरं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), पुठ्ठा, कापड यांच्याकडे वळली. माणसं मोबाइलमधला फोटो दाखवतात, "असंच कापून द्या" म्हणतात. गाळेवाला विचारतो, "फाइल आहे का?" आणि बोलणं तिथेच अडतं. कारण त्याला हवी असते ती व्हेक्टर फाइल. फोटोमध्ये नुसते रंगीत ठिपके असतात, आणि कुठून कुठे कापायचं हे यंत्राला ठिपक्यांवरून कळत नाही. त्याला रेघ लागते.

मी नौपाड्यात घरूनच डिझाइनचं काम करते. दरवर्षी या दिवसांत कुणी ना कुणी शिकायला येतं, आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात एकाच जागी चुकते: पेन टूल उचलायचं आणि फोटोवरून गिरवत सुटायचं. तासाभराने दोनशे नोडची (रेघ ज्या बिंदूंवरून जाते ते बिंदू) वेडीवाकडी रेघ हातात येते. मग ती सरळही होत नाही आणि टाकवतही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगते की इथे आकार गिरवायचा नाही, तो रचायचा. वर्तुळात वर्तुळ मिळवा, चौकोनातून कमान वजा करा. सुतार पाट, कमान आणि खांब वेगवेगळे करून मग जोडतो, तसंच हे काम आहे. या लेखात आपण मखराची दर्शनी पाटी पहिल्या चौकोनापासून कापायच्या फाइलपर्यंत घेऊन जाऊ. वर कमळ, मध्ये महिरप, खाली "मंगलमूर्ती मोरया". माप ४५० मिमी रुंद, ६०० मिमी उंच, आणि ३ मिमी जाडीची एमडीएफ.

सॉफ्टवेअर इंकस्केप. ते फुकट आहे, मुक्त आहे, २००३ पासून चालत आलेलं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ठाण्यातल्या डीटीपीवाल्यांकडे बहुधा कोरलड्रॉ असतं. त्यात हेच सगळं होतं, फक्त नावं बदलतात: इंकस्केपच्या युनियनला (आकार जोडणं) तिथे वेल्ड म्हणतात, डिफरन्सला (एकातून दुसरा वजा करणं) ट्रिम, आणि ऑब्जेक्ट टू पाथला (आकाराची साधी रेघ, म्हणजे पाथ करणं) कन्व्हर्ट टू कर्व्ह्‌ज.

कागद आणि मापं

नवी फाइल उघडा. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, एकक मिमी ठेवा आणि पानाचं माप ४५० बाय ६०० करा. त्याआधी गाळेवाल्याला यंत्राचा बेड, म्हणजे फळी ठेवायची जागा, केवढा आहे ते विचारून घ्या. पाटी बेडपेक्षा मोठी निघाली तर ती दोन तुकड्यांत करावी लागते, आणि हे शेवटी कळलं तर सगळी रचना मोडते.

आता एक सेटिंग. हे केलं नाही तर पुढचं प्रत्येक माप थोडं थोडं चुकतं. इंकस्केप वरच्या पट्टीत रुंदी-उंची दाखवतं तेव्हा त्यात कडेच्या रेघेची जाडीही धरतं. तुम्ही १०० मिमीचा चौरस काढला आणि त्याची रेघ १ मिमी जाड असली, तर पट्टीत १०१ दिसतं. तुम्ही ते खोडून १०० करता आणि खरा चौरस ९९ चा होतो. लेझर तर रेघेच्या मधोमध कापतो, जाडीशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून एडिट मेन्यूतल्या प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या भागात जा आणि बाउंडिंग बॉक्सला (आकाराचं माप घेणारी चौकट) व्हिज्युअलऐवजी जिओमेट्रिक करा. मी नव्या संगणकावर इंकस्केप टाकलं की सगळ्यात आधी हेच करते.

स्नॅपिंग चालू करा (टक्क्याच्या चिन्हाची कळ), म्हणजे आकार रेघांना आपोआप चिकटतात. मग डावीकडच्या मोजपट्टीवरून एक उभी आणि वरच्या मोजपट्टीवरून एक आडवी मार्गदर्शक रेघ ओढून आणा. रेघेवर डबल क्लिक केलं की नेमकं स्थान लिहिता येतं. उभी २२५ वर, म्हणजे बरोबर मधोमध. आडवी वरून ३१० वर. या दोन रेघा जिथे छेदतात तो आपल्या कमानीचा मध्य. पुढचं सगळं या बिंदूभोवती फिरणार आहे.

पाटी: दोन चौकोन

आर दाबा, चौकोनाचं टूल येईल. पानावर कसाही चौकोन ओढा आणि वरच्या पट्टीत रुंदी ४५०, उंची ६०० लिहा. निवडीच्या बाणावर जाऊन (एस) एक्स आणि वाय दोन्ही ० करा. इंकस्केप १.० पासून शून्य डावीकडे वर असतो आणि वाय खाली जाताना वाढतो, हे ध्यानात ठेवा.

चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल मूठ दिसेल. ती ओढली की कोपरे गोल होतात. नेमकं हवं तर आरएक्सच्या खान्यात ४० लिहा. पण चारही कोपरे गोल झाले, आणि मखराची पाटी खाली सपाट बसायला हवी. इथे नोड ओढायला जाऊ नका. दुसरा चौकोन काढा: एक्स ०, वाय ४५०, रुंदी ४५०, उंची १५०. दोन्ही निवडा आणि कंट्रोल-अधिक, म्हणजे युनियन. वर गोल, खाली काटकोन, आणि कुठेही हात थरथरलेला नाही.

चौकोन, वर्तुळ, तारा, सर्पिल ही इंकस्केपमध्ये जिवंत आकारांची घराणी आहेत. चौकोनाला आपण चौकोन आहोत हे ठाऊक असतं, म्हणून उद्या आरएक्स ४० चा ६० करता येतो. ताऱ्याच्या पाकळ्या ८ च्या १२ करता येतात. वर्तुळाच्या कडेची गोल मूठ ओढली की त्याचा तुकडा होतो. माउस वर्तुळाच्या बाहेर ठेवून ओढलं तर पुरणपोळीच्या चतकोरासारखा, आत ठेवून ओढलं तर नुसता कंस. पण युनियन केलं, किंवा कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून ऑब्जेक्ट टू पाथ केलं, की ही ओळख पुसली जाते आणि नुसते नोड उरतात. म्हणून प्रत्येक जोडकामाआधी मूळ आकारांची प्रत कंट्रोल-डीने काढून पानाबाहेर ठेवते. यजमान शेवटच्या दिवशी "कमान जरा रुंद करा ना" म्हणतात, तेव्हा हीच प्रत कामी येते.

महिरप

वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा देव्हाऱ्यावर लाकडी महिरप तुम्ही पाहिली असेल: अर्धगोलाच्या आतून छोट्या छोट्या कमानींची झालर. डोळ्यांना अवघड दिसते, पण ती नऊ आकारांची बेरीज आहे.

ई दाबून वर्तुळाचं टूल घ्या. कंट्रोल धरून ओढलं की नेमकं वर्तुळ येतं. पहिलं २४० मिमी व्यासाचं, एक्स १०५, वाय १९०, म्हणजे त्याचा मध्य आपल्या छेदबिंदूवर बसला. दुसरं छोटं, व्यास ७०, एक्स १९०, वाय १५५. हे मोठ्या वर्तुळाच्या माथ्यावर बरोबर मधोमध बसेल.

आता छोटं वर्तुळ मोठ्याच्या काठाने फिरवायचं. निवडीच्या बाणाने त्यावर एकदा क्लिक केलं की आकार बदलायचे बाण येतात, पुन्हा क्लिक केलं की फिरवायचे. तेव्हा मध्ये एक बारीक अधिक चिन्ह दिसतं, ते फिरण्याचं केंद्र. ते धरून मार्गदर्शक रेघांच्या छेदबिंदूवर नेऊन सोडा. कंट्रोल-डी दाबा आणि कंट्रोल धरून कोपऱ्यातला बाण ओढा. कंट्रोलमुळे फिरणं १५ अंशांच्या पायऱ्यांनी होतं. दोन पायऱ्या म्हणजे ३० अंश. प्रतीला केंद्र तेच मिळतं, म्हणून ते पुन्हा हलवावं लागत नाही. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, माथ्यावरचं एक, अशी सात वर्तुळं होतील. पहिलं आणि शेवटचं आडव्या रेघेवर बसेल.

राहिला खालचा चौकोन: रुंदी ३१०, उंची २५०, एक्स ७०, वाय ३१०. ३१० का, तर केंद्रापासून छोट्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत १२० आणि पुढे त्याची त्रिज्या ३५, म्हणजे १५५. दोन्ही बाजूंची बेरीज ३१०. त्यामुळे शेवटच्या पाकळीची बाहेरची कड जिथे उभी होते, तिथूनच चौकोनाची कड खाली जाते. सांधा दिसतच नाही. ३०० किंवा ३२० केलं असतं तर तिथे एक ओंगळ पायरी आली असती. मापं अशी आकारांतूनच काढली की डोळ्याने जुळवत बसावं लागत नाही.

नऊही आकार निवडून युनियन करा. महिरपीचं भोक तयार. ते पाटीवर आलंय याची खात्री करा (होम कळ सगळ्यात वर आणते, एंड सगळ्यात खाली नेते), पाटी आणि भोक दोन्ही निवडा आणि कंट्रोल-वजा, म्हणजे डिफरन्स. वरचा आकार खालच्यातून वजा होतो. क्रम उलटा असला तर पाटीच नाहीशी होते. घाबरू नका, कंट्रोल-झेड करा आणि क्रम बदला.

बाजूंना ७० मिमीचे खांब आणि खाली ४० मिमीची पट्टी उरली. वर कमळापुरती जागा आहे.

इंकस्केप १.३ पासून शेप बिल्डर नावाचं टूल आलं आहे. एकमेकांवर चढलेले आकार निवडून त्यांचे तुकडे क्लिक करत जोडता येतात. शिकणाऱ्यांना ते लगेच आवडतं. तरी माझं मत असं की आधी युनियन, डिफरन्स आणि इंटरसेक्शन हाताला बसू द्या. काय कशातून वजा झालं हे कळलं नाही, तर बिघडलेलं दुरुस्तही करता येत नाही.

कमळाची पाकळी: नोड जवळून पाहू

पानाबाहेर रिकाम्या जागी ८० मिमीचं वर्तुळ काढा. कंट्रोल-डी. प्रतीच्या एक्सच्या खान्यात असलेल्या आकड्यापुढे +५६ लिहून एंटर दाबा. खाना बेरीज स्वतः करतो. दोन्ही निवडून कंट्रोल-गुणिले, म्हणजे इंटरसेक्शन. दोन वर्तुळांचा सामाईक भाग उरला: २४ मिमी रुंद आणि सुमारे ५७ मिमी उंच, दोन्हीकडे टोकदार.

ही अजून कमळाची पाकळी नाही, बदामासारखी दिसते आहे. एन दाबून नोड टूल घ्या. चार नोड दिसतील: वर टोकाचा, खाली टोकाचा, आणि डाव्या-उजव्या पोटावर एकेक. एवढ्या सुबक आकाराला चारच नोड पुरतात.

बाजूचे दोन्ही नोड शिफ्ट धरून निवडा आणि कंट्रोल धरून ८ मिमीच्या आसपास खाली ओढा. पोट खाली आलं, पाकळी बुडाशी भरली. आता फक्त वरचा नोड निवडा. त्यातून दोन बारीक दांड्या निघालेल्या दिसतील, त्या हँडल. हँडल म्हणजे रेघ नोडमधून कोणत्या दिशेने आणि किती ओढीने बाहेर पडते ते. वरच्या नोडची दोन्ही हँडल जवळजवळ उभी, खालच्या बाजूला ओढा. पाकळीच्या कडा टोकाजवळ आत वळतील आणि मग वर निमुळत्या होतील. बदामाचं कमळ या एका हालचालीत होतं. मी शिकवताना हे दोनदा करून दाखवते, कारण इथे लोकांचा हात सैल होतो आणि ते उगाच नवे नोड घालणं बंद करतात.

नोडचे प्रकार इथेच पाहून घ्या. टोकाचा नोड कस्प (शिफ्ट-सी): दोन्ही हँडल आपापल्या दिशेने मोकळी, म्हणून कोपरा येतो. पोटावरचा स्मूथ (शिफ्ट-एस): दोन्ही हँडल एका रेषेत, म्हणून वळण अखंड. सिमेट्रिक (शिफ्ट-वाय) मध्ये त्यांची लांबीही सारखी राहते. बहुतेक कामाला पहिले दोन पुरतात. रेघ सरळ हवी तर शिफ्ट-एल, वक्र हवी तर शिफ्ट-यू. नवा नोड हवा तर रेघेवर डबल क्लिक, नको असला तर डिलीट.

या वक्रांना बेझिए वक्र म्हणतात. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या रेनो कंपनीचे अभियंते पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्यासाठी ते वापरात आणले. पत्रा कापायलाच ते जन्मले, म्हणून लेझरलाही ते मानवतात. त्यातून एक व्यवहारी नियम निघतो: नोड वळणाच्या शिखरावर ठेवा, म्हणजे आकार जिथे सगळ्यात डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली जातो तिथे, आणि हँडल पुढच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं ठेवा. नोड कमी असले की वळण गुळगुळीत येतं. फोटो ट्रेस करून आणलेल्या पाकळीला साठ-सत्तर नोड असतात, लेझरचं डोकं प्रत्येकाशी दचकत जातं आणि कड करवतीसारखी दिसते. पाथ मेन्यूत सिम्प्लिफाय (कंट्रोल-एल) आहे, पण ते टोकं बोथट करतं. मला ते शेवटचा उपाय वाटतो.

पाच पाकळ्या, आणि त्यांच्यामधलं लाकूड

पाकळीचं बूड पाटीवर उभ्या रेघेवर, वरून १३० मिमीवर आणा. फिरण्याचं केंद्र बुडाच्या टोकावर ठेवा आणि महिरपीसारखंच कंट्रोल-डी करून ३० आणि ६० अंशांवर दोन्हीकडे फिरवा. मधली सगळ्यात वर, ६० ची जोडी सगळ्यात खाली.

पडद्यावर कमळ झालं. पण ही पाच भोकं आहेत आणि ती एकमेकांवर चढली आहेत. तशीच कापली तर मधलं सगळं लाकूड पडून एकच पसरट भोक उरेल. दोन पाकळ्यांमध्ये लाकडाची बारीक पट्टी राहायला हवी.

मधली पाकळी कंट्रोल-डी करा. प्रतीला रेघ द्या, जाडी ५ मिमी, सांधे गोल (कंट्रोल-शिफ्ट-एफ, स्ट्रोक स्टाइल). मग पाथ मेन्यूतून स्ट्रोक टू पाथ. रंग आणि रेघ यांचा गट मिळेल. कंट्रोल-शिफ्ट-जीने तो सोडवा आणि युनियन करा. रेघ निम्मी बाहेर, निम्मी आत असते, म्हणून ही जाड पाकळी सगळीकडून २.५ मिमी मोठी झाली. ती ३० अंशांच्या एका पाकळीतून वजा करा. दुसऱ्या बाजूसाठी जाड पाकळीची प्रत आधीच काढून ठेवा, कारण वजा केली की ती संपते. मग मूळ, न कापलेल्या ३० च्या पाकळीच्या प्रतीला तसंच जाड करून ६० च्या पाकळीतून वजा करा.

बुडाशी कधीकधी सुईएवढे तुकडे उरतात. कंट्रोल-शिफ्ट-के (ब्रेक अपार्ट) करून ते वेगळे निघतात. निवडून पुसून टाका. शेवटी पाचही पाकळ्या कंट्रोल-केने एकत्र करा आणि पाटीतून वजा करा. कमळाच्या बुडाखाली महिरपीच्या माथ्यापर्यंत २५ मिमी लाकूड राहतं, ते पुरेसं आहे.

बाजूच्या खांबांवर वेल हवी असली तर तेव्हा पेन टूल (बी) काढा. क्लिक केलं की कोपरा, दाबून ओढलं की वळण, एंटरने संपतं, बॅकस्पेसने शेवटचा नोड जातो. एकाच खांबाची वेल काढा, दुसरीसाठी कंट्रोल-डी आणि एच, म्हणजे आरशातली प्रत. आणि विसरू नका: पडद्यावर ४ मिमी जाड दिसणारी वेल लेझरच्या दृष्टीने मधली एकच रेघ आहे. तिला भोक म्हणून कापायचं असेल तर स्ट्रोक टू पाथ करावंच लागतं.

"मंगलमूर्ती मोरया": शिरोरेषेचा प्रश्न

इंग्रजीतले धडे बघून शिकलेली माणसं इथे अडतात, कारण त्या धड्यांमध्ये शिरोरेषाच नसते.

फॉन्ट निवडताना "ल" पाहा. हिंदी वळणाचा ल मराठी मंगलमूर्तीत खटकतो. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, पण तो पुस्तकी, नाजूक आहे. कापायला जाड बलू किंवा मुक्ताचं ठळक वजन बरं. तिन्ही फॉन्ट फुकट आहेत. टी दाबून मजकूर लिहा, खालच्या ४० मिमी पट्टीत ठेवा, आणि उकारापासून वेलांटीपर्यंतची पूर्ण उंची २६ मिमीच्या आत बसवा, म्हणजे वरखाली लाकूड राहील.

आता ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि कंट्रोल-५ दाबत आउटलाइन दृश्यावर या. भरीव रंग जातो, नुसत्या रेघा दिसतात. "मो" आणि "र" यांच्यामध्ये पाहा. पडद्यावर अखंड दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात अक्षरागणिक वेगळी आहे, आणि प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या अंगावर थोडी चढलेली आहे. तिथे दोन उभ्या रेघा दिसतात. लेझर त्या कापणार. अक्षरं भोकं म्हणून असोत की पाटीवर चिकटवायला सुटी कापलेली असोत, शिरोरेषेचे तुकडे होतात. म्हणून गट सोडा आणि प्रत्येक शब्द निवडून युनियन करा. उभ्या रेघा जातात, शब्द एकसंध होतो.

दुसरी अडचण बेटांची. "म" आणि "य" यांच्या पोटातलं लाकूड सगळीकडून बंद आहे: वर शिरोरेषा, बाजूला काना, खाली वळण. कापलं की ते पोट सुटून खाली पडतं आणि अक्षर नुसता डाग होतं. प्रत्येक बंद पोटातून शिरोरेषेच्या आरपार एक उभा चौकोन काढा, २.५ मिमी रुंद, आणि तो अक्षरातून वजा करा. हा पूल. २ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, पॉलिश करतानाच मोडतो. पूल सगळ्या अक्षरांत एकाच रुंदीचे आणि उभेच ठेवा. मग ते दुरुस्ती न वाटता फॉन्टचाच भाग वाटतात.

सुटी अक्षरं कापून चिकटवणार असाल तर बेटांची काळजी नको, पण "मं"वरचा अनुस्वार वेगळा तुकडा होतो आणि बेडच्या जाळीतून खाली जातो. त्याला शिरोरेषेशी जोडणारा छोटा चौकोन युनियन करा.

गाळ्यावर जाण्याआधी

दोन वर्षांपूर्वी एका मखराची खालची कड काळीठिक्कर जळून आली. यंत्राचा दोष नव्हता. कंट्रोल-डी केलेली एक प्रत नेमकी मूळ आकारावर राहून गेली होती, पडद्यावर एकच रेघ दिसत होती, आणि लेझरने तीच कड दोनदा कापली. तेव्हापासून मी आउटलाइन दृश्यात सगळं निवडते आणि खालच्या पट्टीतला आकड्यांचा हिशेब पाहते. वस्तू किती असायला हव्यात हे मला ठाऊक असतं. एक जरी जास्त निघाली तर टॅब दाबत एकेक वस्तू तपासते.

बाजूच्या पाट्या खाचांत बसवणार असाल तर दुकानातून ३ मिमी म्हणून आणलेली एमडीएफ वर्नियर कॅलिपरने (जाडी मोजायच्या उपकरणाने) मोजा. ती नेमकी ३ भरेलच असं नाही. शिवाय लेझरची रेघ स्वतः थोडं लाकूड खाते. म्हणून आधी एका टाकाऊ तुकड्यावर २.७, २.८, २.९ आणि ३ मिमीच्या खाचा कापून घ्या. ज्या खाचेत पाटी बोटाच्या दाबाने बसते, ते तुमचं माप. गाळेवाले याला नाही म्हणत नाहीत, उलट त्यांचाही त्रास वाचतो.

फाइल दोन ठेवा. पहिली एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची नेहमीची फाइल, जिच्यात मजकूर मजकूर म्हणून आणि चौकोन चौकोन म्हणून जिवंत आहेत. दुसरी कापायची, जिच्यात सगळं पाथ आहे. कापायची फाइल गाळेवाले बहुधा डीएक्सएफमध्ये मागतात. सेव्ह अ कॉपीमध्ये जाऊन ऑटोकॅड डीएक्सएफ आर१४ निवडा आणि एकक मिमी आहे ना ते बघा. मजकूर पाथ केला नसेल तर डीएक्सएफमध्ये तो येतच नाही.

कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौरस वेगळ्या रंगात ठेवा आणि गाळेवाल्याला सांगा, "हा कापू नका, फक्त मोजा." इंकस्केपने २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीत इंचामागे ९० पिक्सेलऐवजी ९६ धरायला सुरुवात केली. त्याआधीची जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली की आकार बदलू शकतो. ४५० ची पाटी ४२२ ची होते. चौरस त्याच्या पडद्यावर १०० भरला, तर बाकी सगळं बरोबर आहे.

पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली घ्या आणि कापताना समोर उभे राहा. आधी आतली भोकं कापायला सांगा, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर पाटी बेडवर सुटी होते, जराशी सरकते, आणि कमळ मधोमध राहत नाही.